साडेपाच म्हणजे साडेपाच

३ नोव्हेंबर, सोमवार

माझं आयुष्य बदललं ती वेळ लिहून ठेवतो, नंतर कोणी वाद घालायला नको. आज, दुपारी चार वाजून दहा मिनिटं. जितेंद्रच्या मोबाइलच्या दुकानात एका फुटक्या फोनची काच काढत बसलो होतो, मान वर केली तर समोर डिंपल. कॉलेजला सुट्टी असावी.

सप्टेंबरात मी कॉलेज सोडल्यापासून ती दिसली नव्हती. त्याआधी वर्षभर सकाळच्या धुळे गाडीत ती तिसऱ्या बाकावर आणि मी मागे दांडी धरून उभा, एवढाच आमचा परिचय. त्या गाडीवर कंडक्टर माझेच वडील, आबा, त्यामुळे तोही मुका.

स्क्रीनगार्ड लावून घेता घेता ती म्हणाली, "तुझं गणित चांगलं आहे ना रे? माझी लहान बहीण चेलना पाचवीत आहे. पहिल्या चाचणीत पन्नासपैकी नऊ. डिसेंबरच्या चाचणीत पंचवीस पडले नाहीत तर पप्पा तिला पालीला पाठवणार, राजस्थानात, आमच्या नात्यातल्यांच्या होस्टेलवर. रोज रडते. येशील शिकवायला?"

विचार करून सांगतो म्हणालो. ती दुकानाची पायरी उतरायच्या आत विचार झाला.

जितेंद्र म्हणाला, "बीएस्सी अर्धी सोडलेला मास्तर. त्या पोरीनं आत्ताच बॅग भरायला घ्यावी."

जळतो. दुसरं काय.

५ नोव्हेंबर, बुधवार

अखिलभाऊ म्हणजे डिंपलचे वडील. पेठेत कापडाचं दुकान. माझ्याशी बोलायला दुपारी मुद्दाम घरी आले होते.

"फी काय घेशील?"

"काही नको."

चिमटीत धरून कापड बघावं तसं त्यांनी मला पाहिलं. "फुकट शिकवणारा मास्तर पहिल्यांदा बघतोय. वेळ?"

शाळेला सुट्टी म्हणून चेलना घरीच, भिंतीला टेकून उभी होती. दोन वेण्या, हाडकुळी. म्हणाली, "सकाळी चालेल. संध्याकाळी मला दादीसारखं..."

तिचं वाक्य मी तिथेच तोडलं. "सकाळी मला जमत नाही. संध्याकाळी साडेपाच. साडेपाच म्हणजे साडेपाच. वेळ बदलायची असेल तर दुसरा मास्तर बघा."

तिनं एकदा वडिलांकडे पाहिलं, एकदा माझ्याकडे. "साडेपाच चालेल," म्हणाली.

सकाळी मला सगळं जमतं. पण धुळ्याची गाडी पावणेसहाला पारोळा स्टँडला लागते आणि तिथून हे घर चालत सात मिनिटं. आई-वडील नऊला दुकान बंद करून येतात. दादी दिवाळीनंतर पालीला लग्नाला गेली आहे. म्हणजे डिंपल आली की घरात तिघंच: ती, मी आणि भागाकार. चेलना भागाकारातच धरली.

पोरीनं मला "नवलभैया" म्हणून हाक मारली. ते जागच्या जागी बंद केलं. तिचा भैया झालो की त्या घरात आणखी कोणाचा होतो, हे कळायला बीएस्सी लागत नाही. "सर म्हणायचं," सांगितलं.

७ नोव्हेंबर, शुक्रवार

शाळेची व्हॅन तिला पाच पंचवीसला सोडते. आज मी गेलो तर पाठीवर दप्तर तसंच, स्वयंपाकघरात उभी, तोंडात खाकरा. म्हटलं, "आधी पुस्तक." अर्धा खाकरा तिनं डब्यात परत ठेवला.

माझ्यासाठी मात्र सहाला ताटली आली. कचोरी, शेव, वर चिंचेचं पाणी. तिच्या आईनं सांगून ठेवलंय, मास्तरला रिकामं बसवायचं नाही. मी विचारलं, "तू नाही खात?"

"मला भूक नाही."

कचोरी बरी होती.

पोरीचं डोकं मात्र अजब आहे. पहिली दोन गणितं बरोबर, तिसऱ्यापासून घसरगुंडी. आणि दर ओळीला नजर खिडकीकडे. पावणेसहाला पाणी मागितलं, तांब्याभर प्यायली, लगेच दुसरा तांब्या. टाळाटाळीचे हे सगळे प्रकार मी स्वतः केलेले आहेत, मला शिकवू नये.

११ नोव्हेंबर, मंगळवार

"खिडकीत काय आहे ग?"

"काही नाही सर. सूर्य."

"तो रोज तोच असतो." उठलो आणि पडदा ओढला. तर आणखी बिथरली. किती वाजले, किती वाजले, तीन वेळा विचारलं. शेवटी म्हटलं, घड्याळ बघणाऱ्यांना होस्टेलवर बरं पडतं, तिथं घंटा असते. मग परत नाही विचारलं.

डिंपल पाच त्रेपन्नला आली. जिन्यावर वळून म्हणाली, "थँक्यू हं, नवल." त्या 'हं'वर माझा आठवडा निघेल. मग वर जाऊन फोनवर बोलत बसली. एक तास, अगदी हळू, मधूनच हसत. एखादी जिवाची मैत्रीण असणार. मुलींना मैत्री किती जपता येते. आमच्या जितेंद्रचा फोन वीस सेकंदांत संपतो, त्यात दोन शिव्या.

निघताना चेलना दारात गाईला पोळ्या घालत होती. रोज घालते. चार-चार पोळ्या. दया फार, अक्कल शून्य.

१४ नोव्हेंबर, शुक्रवार

आज डोकं फिरलं. समच्छेद करायचे अपूर्णांक सात वेळा समजावले. सात वेळा. आठव्यांदा तिनं तीन छेद चार आणि एक छेद दोन यांची बेरीज चार छेद सहा लिहिली. मी तिचा कंपास उचलून भिंतीवर मारला. "ढ आहेस तू," म्हणालो.

ती उठली, एक एक वस्तू गोळा केली. कर्कटक, कोनमापक, खोडरबर. कंपास परत ठेवताना माझ्यापासून लांबच्या टोकाला ठेवला. थोडी भीती असलेली बरी, असं मनात म्हटलं. आता लिहिताना ते वाक्य आवडत नाहीये, पण खोडणार नाही. म्हटलं होतं ते म्हटलं होतं.

१७ नोव्हेंबर, सोमवार

आबा ड्यूटीवरून आले, तिकिटांचं मशीन फडताळात ठेवलं आणि माझ्यासमोर बसले.

"नवल, कालेजमा कधय जाशी?"

"कधीच नाही."

"दुसरानी पोरले शिकाडस, आन सोता घर बठेल."

"मला तिथं जायचं नाही, आबा. आणि कोणी नेऊ पण शकत नाही."

माय भाकरी थापत होती, तिचे हात थांबले. आबा उठले आणि हातपाय धुवायला मोरीत गेले. मारलं असतं तर बरं झालं असतं, भांडता तरी आलं असतं.

२० नोव्हेंबर, गुरुवार

चेलनानं आज गणित सोडून विचारलं, "सर, तुम्ही कॉलेज का सोडलं?"

डिंपल वर ऐकत असेल म्हणून जरा मोठ्यानं सांगितलं. माझं जर्नल अपुरं होतं. प्रॅक्टिकलच्या सरांनी ते भर वर्गात वर धरलं आणि म्हणाले, कंडक्टरच्या मुलानं घंटी मारावी, विज्ञान कशाला. सगळे हसले. मी जर्नल त्यांच्या टेबलावर फेकलं आणि निघालो. परत गेलो नाही.

"अपुरं का होतं?"

"माय जळगावला दवाखान्यात होती. पंधरा दिवस मी तिच्याजवळ होतो."

"मग हे त्या सरांना सांगितलं नाही?"

"ज्यानं आधीच ठरवलंय त्याला सांगून काय होतं?"

ती पेन्सिलीच्या टोकाकडे बघत राहिली. म्हणाली, "हो ना. सांगून काय होतं."

शहाणी आहे. गणित सोडून सगळ्यात शहाणी.

२३ नोव्हेंबर, रविवार

रविवारी डिंपल घरी असते म्हणून मी सकाळी दहालाच गेलो. जादा तास म्हणून सांगितलं. गुणाकार-भागाकाराची बारा गणितं दिली आणि जिन्याकडे तोंड करून बसलो.

वीस मिनिटांत वही समोर. बारापैकी अकरा बरोबर. बाकी उरणारे भागाकारसुद्धा. शिवाय हसत होती, म्हणे बारावं पण येतं, फक्त घाई झाली.

तीन आठवडे जिला बेरीज येत नाही तिला एका सकाळीत सगळं येतं? मला काय बावळट समजली? म्हटलं, "कोणी करून दिलं?" म्हणाली, मीच केलं. "खोटं बोलू नको." म्हणाली, खोटं नाही. मी पान फाडलं. चार तुकडे केले.

तेव्हा ती रडली. इतक्या दिवसांत पहिल्यांदा.

डिंपल जिन्यावर आली. "काय हे नवलभैया, लहान आहे ती."

भैया. तिनं पण.

स्टँडपर्यंत चालत आलो. पान फाडल्याचं वाईट वाटायला हवं होतं, ते वाटत नव्हतं. दुसऱ्याच शब्दाचं वाटत होतं.

२४ नोव्हेंबर, सोमवार

आजचं नीट लिहायचं आहे.

साडेपाचला गेलो तर दार उघडं आणि दिवाणखान्यात एक म्हातारी पाटावर बसलेली, डोक्यावर पदर, समोर चेलना ताटावर. ही तारादेवी, दादी. दुपारीच पालीहून आली होती. पन्नास वर्षं पारोळ्यात काढलेली बाई, अहिराणी माझ्यापेक्षा चांगली बोलते.

"बस मास्तर. पोर जेवी ऱ्हायनी."

मी म्हटलं, साडेपाच वाजले, हिच्या परीक्षेला पंधरा दिवस राहिलेत, जेवण नंतर होऊ शकतं.

"नंतर?" म्हातारीनं माझ्याकडे पाहिलं. "दिन बुडना का ही पोर पानीना थेंब बी लेत नही. पर्युषणमा महाराजसाहेबना समोर वरीसना नेम लिधा तिनी. तुले कोनी सांगं नही?"

मी उभाच होतो. जैन लोक सूर्यास्ताआधी जेवतात हे पारोळ्यात कुत्र्यालाही माहीत आहे. पण अखिलभाऊ दुकान बंद करून नऊला जेवतात, डिंपल आठ वाजता मॅगी करते. या घरात कोणी पाळत नाही असं मी धरून चाललो होतो. पाळत होत्या दोघीच, दादी आणि ही. दादी असली की ताट तयार असायचं, व्हॅनमधून उतरली की पोर सरळ ताटावर. दादी नव्हती, आणि त्या पंधरा-वीस मिनिटांत मी होतो.

दुपारी दीडचा डबा, मग थेट दुसऱ्या दिवशी सकाळ. तीन आठवडे. आई तिच्यासाठी करून ठेवायची त्या सगळ्या पोळ्या गाईला, आणि आईला सांगायची, जेवले म्हणून.

"बठ्ठ्या पोळ्या गायना पोटमा गयात," दादी म्हणाली. "गाय बघ कशी टरारनी शे दारमा."

चेलना खाली मान घालून खिचडी खात होती. भराभर, घास गिळायच्या आत दुसरा. मला ते बघवेना आणि नजर पण काढता येईना. तिच्यासमोर बसून मी रोज कचोरी खाल्ली. पाणी मागितलं तर टाळाटाळ म्हणालो. सूर्य बघत होती तर पडदा ओढला.

ताट संपल्यावर विचारलं, "मला सांगितलं का नाहीस?"

"तुम्ही म्हणाला होतात, वेळ बदलली तर दुसरा मास्तर बघा. दुसरा कोण येणार होता? मग पप्पांनी पालीला पाठवलं असतं."

"तरी एकदा बोलायचं."

"पहिल्या दिवशी बोलत होते ना." मग थोडं थांबून, दादीला ऐकू जाऊ नये इतक्या हळू: "आणि दीदी यायची वेळ तीच आहे. तुम्ही आला नसता."

तिला पहिल्या दिवसापासून माहीत होतं.

कालच्या पानाचं मग म्हटलं, "तू खरंच केली होतीस ती गणितं."

"हो."

मला माफी मागता येत नाही. कधी मागितली नाही. वहीचं नवं पान काढून मी ती बाराच्या बारा गणितं माझ्या हातानं लिहिली, तिची उत्तरं लिहिली, अकरा बरोबरच्या खुणा केल्या आणि खाली सही केली. तिनं ती सही बराच वेळ पाहिली.

२५ नोव्हेंबर, मंगळवार

आज दीडला जेवलो आणि मग काही घेतलं नाही. चहा नाही, पाणी नाही. जितेंद्र म्हणाला, "तिच्यासाठी आता उपास पण? लग्न झाल्यावर बायका करतात ते." त्याला सांगितलं नाही कोणासाठी.

तासाला सुट्टी दिली आणि साडेसहाला घरी पाचवीचं पुस्तक घेऊन बसलो. पहिली दोन गणितं सुटली. तिसऱ्यात हातचा विसरलो. चौथं दोनदा वाचलं तरी डोक्यात शिरेना, शेजारच्या घरातल्या फोडणीचा वास तेवढा शिरत होता. मी वीस वर्षांचा आहे आणि एकच दिवस केलं. मायनं ताट वाढलं तेव्हा जेवलो. चेलनाला ताट तेव्हा चालत नाही.

२६ नोव्हेंबर, बुधवार

वेळ बदलली. सकाळी साडेसात.

अखिलभाऊ भडकले. "तूच म्हणाला होतास सकाळी जमत नाही. ही काय धर्मशाळा आहे, वाटेल तेव्हा यायला?" उपाशी राहिल्याचं आई-पप्पांना सांगू नका, असं चेलनानं दादीला आणि मला विनवलं होतं, म्हणून एवढंच म्हटलं, सकाळीच येणार. चालत नसेल तर घराबाहेर ओट्यावर शिकवीन. डिंपलची गाडी सात-दहाला सुटते. म्हणजे आता ती दिसणार नाही. हे मला ठाऊक होतं, ठाऊक असून बोललो. नोंद असावी.

दादीनं ओट्यावर सतरंजी टाकली. अखिलभाऊ किल्ल्या उचलून दुकानाकडे निघाले.

२ डिसेंबर, मंगळवार

कोन आणि परिमिती. पोर पळते आहे. मीच मागे पडतो. दाराची चौकट, ओटा, गाईची दावण, सगळं मोजून झालं. आज म्हणाली, "सर, तुमचा आवाज सकाळी वेगळा असतो."

"कसा?"

"जिन्याकडे जात नाही."

अपूर्णांक मात्र नव्यानं शिकवायला वेळ नाही. त्या तीन आठवड्यांच्या संध्याकाळी कुठून परत आणू? पाठ कर म्हणालो. चूक आहे, पण दिवस आठच.

१० डिसेंबर, बुधवार

पेपर झाला. विचारलं तर म्हणाली, "अपूर्णांकाला पूर्ण अर्धा पेपर होता सर."

१९ डिसेंबर, शुक्रवार

पन्नासपैकी तेवीस.

नवाचे तेवीस झाले. कुठल्याही शहाण्या घरात पेढे वाटले असते. दुपारी डिंपलचा मेसेज आला. माझ्या नंबरवर तिचा पहिला मेसेज, मी इतके महिने ज्याची वाट पाहिली तो: "पप्पांनी पालीला फोन केला. एक जानेवारीपासून. तू प्रयत्न केलास, थँक्स."

तीनदा वाचला. पहिल्या वाक्यापुढे गेलोच नाही.

२१ डिसेंबर, रविवार

सकाळी मी निघताना आबांनी विचारलं, कथा जास? म्हटलं, भांडायला. म्हणाले, जोडा घालीसन जाय.

दहा वाजता गेलो. सगळे घरी होते. खुर्चीवर नवी सुटकेस, तिला अजून लेबल. आई कपडे मोजून ठेवत होती. चेलना दादीच्या मांडीजवळ, रडून संपलेली.

"हिचा पेपर दाखवा," म्हटलं.

अखिलभाऊ म्हणाले, "आता कशाला? तू शिकवलंस, ती शिकली नाही. विषय संपला."

"पेपर दाखवा."

चेलनानंच उठून आणला. मी तो टेबलावर पसरला आणि एक एक प्रश्न बोट ठेवून दाखवत गेलो. कोन, पाचपैकी पाच. परिमिती, आठपैकी आठ. भौमितिक आकृत्या, दहापैकी दहा. मग अपूर्णांक. सत्तावीसपैकी शून्य.

"कोन, परिमिती, आकृत्या मी सकाळी शिकवल्या. त्यात एक गुण गेला नाही. अपूर्णांक संध्याकाळी शिकवले, त्यात एक मिळाला नाही. पोर तीच, मास्तर तोच. फरक एवढाच, की संध्याकाळी ती उपाशी असायची."

आईच्या हातातला फ्रॉक तसाच राहिला. "उपाशी? मला तर रोज जेवले म्हणायची."

"तुम्ही नऊला यायचात. ती म्हणायची, तुम्ही धरायचात. मी पण धरलं. नेम तिचा, पोळ्या गाईच्या आणि वेळ माझी."

"मग वेळ बदलायची होतीस," अखिलभाऊ म्हणाले. "सकाळी जमत नाही कोण म्हणालं होतं?"

"मी. खोटं बोललो होतो."

"का?"

जिन्यावर डिंपल उभी होती. फोन हातात, कोणाला तरी थांब म्हणत होती. मी तिच्याकडे पाहिलं, मग तिच्या वडिलांकडे.

"पावणेसहाला धुळ्याची गाडी येते म्हणून. तुमच्या मोठ्या मुलीला बघता यावं म्हणून मी ती वेळ धरली. फी नको म्हणालो तेही त्याचसाठी. तुम्हाला तेव्हाच शंका आली होती, बरोबर आली होती."

डिंपलनं फोन कानाला लावला, "नंतर करते रे," म्हणाली आणि वर निघून गेली. 'रे' मला ऐकू आलं. आज सगळंच नीट ऐकू येत होतं.

अखिलभाऊ उभे राहिले. ते माझ्यापेक्षा बुटके आहेत, पण त्या क्षणी नव्हते. "हे माझ्या तोंडावर सांगायला आलास?"

"हो. कारण शिक्षा चुकीच्या माणसाला होतेय. धुलाईत कापड आटलं की तुम्हीच गिऱ्हाइकाला सांगता, दोष धुणाऱ्याचा, कापडाचा नाही. मग हिला का परत पाठवता? मला पाठवा. मी जातो."

"जाशीलच. आणि या ओट्यावर परत दिसलास तर आबांना बोलवून घेईन तुझ्या."

"बोलवा. त्यांना सांगून आलोय."

तेवढ्यात दादी बोलली. मारवाडीत, मुलाशी, आवाज न चढवता. मला सगळं कळलं नाही. मार्च एवढा शब्द कळला, वार्षिक परीक्षेचा महिना, आणि तिनं हात लांब करून सुटकेस खुर्चीवरून जमिनीवर काढून ठेवली ते दिसलं. आईनं फ्रॉक परत कपाटात नेला.

"मार्चपर्यंत," अखिलभाऊ शेवटी म्हणाले. माझ्याकडे न बघता. "पण मास्तर दुसरा."

"दुसरा आणा. पण सकाळचा आणा."

चपला घालत होतो तेव्हा चेलना मागे येऊन उभी राहिली. "सर, दशांश अपूर्णांक राहिलेत. ते कोण शिकवणार?"

"कोणीही शिकवो. नाही कळलं तर मोठ्यानं सांगायचं, नाही कळलं. भूक लागली तर भूक लागली. समोरचा चिडला तरी."

"आणि त्यानं कंपास फेकला तर?"

"तर तू पण फेक."

तिच्या मागून अखिलभाऊंनी माझं नाव घेतलं, पुढचं मी ऐकलं नाही. बाहेर आलो आणि दार लावून घेतलं.